मासे पकडण्याचा गळ कसा निवडावा? नंबर, प्रकार आणि योग्य साइझची संपूर्ण माहिती

आपण नेहमी मोबाइल, ॲप आणि गॅजेटबद्दल बोलतो. आजचं गॅजेट जरा वेगळं आहे. त्याला बॅटरी नाही, चार्जर नाही, अपडेट नाही. किंमत दहा-वीस रुपये. तरीही ऑनलाइन घेताना यात जितकी फसगत होते, तितकी इअरफोन घेतानाही होत नसेल. मी बोलतोय मासे पकडायच्या गळाबद्दल. आमच्या कोकणात त्याला गरी म्हणतात आणि गरी टाकून मासे पकडण्याला गरवणं.

आधी माझीच फजिती सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मामाकडे सिंधुदुर्गात जायचं होतं. खाडीवर गरवायला मिळणार म्हणून मी आठवडाभर आधीच एका शॉपिंग ॲपवरून गळांचा डबा मागवला. मामा फोनवर म्हणाला होता, "सहा नंबर आण." ॲपवर सहा नंबर संपला होता, पण "२/०" होता. मी विचार केला, सहापेक्षा दोन लहान, म्हणजे गळ थोडा बारीक असेल, चालून जाईल. फोटोत तर सगळे गळ सारखेच दिसत होते.

खाडीवर डबा उघडला, तेव्हा मामाने एक गळ बोटात धरला आणि हसत विचारलं, "अरे, ह्या गरीर काय मगर गरवतलस?" त्या संध्याकाळी पालू माशांनी माझी वाटीभर कोळंबी आरामात कुरतडून खाल्ली. एकही लागला नाही. शेजारी मामाने त्याच्या जुन्या, बारीक गळांवर पाच पालू काढले.

म्हणून हा लेख. गळ कसा वाचायचा, कसा निवडायचा आणि चुकीचा गळ घेतला तर काय बिघडतं, हे सगळं सोप्या भाषेत बघूया.

गळाचे भाग ओळखा

मोबाइल घेताना आपण रॅम, प्रोसेसर, कॅमेरा बघतो. तसे गळाचेही काही भाग बघायचे असतात.

• नेढं: जिथे दोरा बांधतो ते भोक. सुईला असतं तसंच. काही गळांना नेढं नसतं, फक्त चपटं डोकं असतं. त्यावर दोरा गुंडाळून गाठ मारावी लागते. नवशिक्यांनी नेढ्याचाच गळ घ्यावा.
• दांडी: नेढ्यापासून खाली येणारा सरळ भाग. लांब दांडी असेल तर गळ माशाच्या तोंडातून काढणं सोपं जातं. आखूड दांडी आमिषात छान लपते.
• वाक: गोल वळणाचा भाग. सगळा ताण इथे येतो.
• टोक: माशाच्या तोंडात घुसणारा भाग.
• उलटा काटा: टोकाच्या मागे असलेलं छोटं खवलं. याच्यामुळे लागलेला गळ सहज निसटत नाही. बोटात घुसला तरी निसटत नाही, हेही लक्षात ठेवा.
• गॅप: टोक आणि दांडी यांच्यामधलं अंतर. साइझ म्हणताना आपल्याला खरं तर हाच आकडा हवा असतो.

गळ ही माणसाच्या अगदी जुन्या हत्यारांपैकी एक वस्तू आहे. जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत समुद्री गोगलगायीच्या शंखापासून घडवलेले गळ सापडले आहेत. ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे आहेत. साहित्य बदललं, पण वाकवलेला आकार आणि टोक ही मूळ कल्पना आजही तीच आहे.

नंबरचं कोडं: लहान आकडा, मोठा गळ

माझी फसगत झाली ती इथेच. गळाच्या नंबरांचे दोन भाग असतात.

पहिला भाग साध्या आकड्यांचा. यात आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. म्हणजे १२ नंबर बारीक, ८ नंबर त्याहून मोठा, ४ आणखी मोठा, आणि १ नंबर या भागातला सर्वांत मोठा.

दुसरा भाग तिरकी रेघ आणि शून्य असलेल्या आकड्यांचा. १/०, २/०, ३/० असा. हा भाग १ नंबरच्या पुढे सुरू होतो आणि इथे आकडा वाढला की गळही वाढतो.

लहानाकडून मोठ्याकडे क्रम असा लक्षात ठेवा:

१२, १०, ८, ६, ४, २, १, १/०, २/०, ३/०, ४/०, ५/०, ६/०

आता बघा, मला हवा होता ६ आणि मी मागवला २/०. मध्ये किती पायऱ्या गेल्या? ४, २, १, १/० आणि मग २/०. नंतर पट्टी लावून मोजलं तर माझ्या २/० गळाचा गॅप मामाच्या ६ नंबरच्या जवळजवळ दुप्पट निघाला.

यात आणखी एक गोम आहे. हे नंबर सगळ्या कंपन्यांसाठी सारखे नाहीत. बुटाचा ८ नंबर एका कंपनीचा घट्ट आणि दुसऱ्या कंपनीचा सैल होतो ना, तसंच. नॉर्वेची मस्टॅड, जपानची गामाकात्सू, फ्रान्सची व्हीएमसी या सगळ्या नामांकित कंपन्या आहेत, पण त्यांचे एकाच नंबरचे गळ शेजारी ठेवले तर फरक दिसू शकतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही तो असतो. म्हणून नंबर हा फक्त अंदाज समजा, गॅप हे खरं माप.

साइझ ठरवताना तीन प्रश्न विचारा

१. माशाचं तोंड केवढं? लक्ष माशाच्या लांबीपेक्षा तोंडावर हवं. बोय चांगली हातभर असते, पण तिचं तोंड इवलंसं. उलट गोबरा लांबीला कमी असला तरी तोंड उघडलं की गुहाच. त्यामुळे बोयीला बारीक गळ लागतो आणि तेवढ्याच लांबीच्या गोबऱ्याला मोठा.

२. आमिष केवढं? आमिष लावल्यावर टोक थोडं तरी उघडं राहायला हवं आणि गॅप पूर्ण भरता कामा नये. गॅप भरला तर मासा आमिष चावतो, पण टोक त्याच्या तोंडाला लागतच नाही. कणकेची गोळी लावताना ही चूक सर्रास होते. आपण लाडू करतो आणि गळ त्यात बुडून जातो.

३. तंगूस केवढा जाड? जाड तारेचा गळ माशाच्या तोंडात घुसवायला जोर लागतो. बारीक तंगुसाला तो जोर दिला की तंगूस तुटतो. बारीक तंगुसाला बारीक तारेचा गळ, जाड तंगुसाला जाड तारेचा, ही जोडी जमवा. पाकिटावर "२एक्स स्ट्राँग" असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ तार नेहमीपेक्षा जाड आहे. "लाँग" लिहिलं असेल तर दांडी लांब आहे.

कोणत्या माशाला कोणता नंबर?

खालची यादी माझ्या वहीतली आहे. जागा आणि माशाचा आकार बघून एखादा नंबर खाली-वर करा.

गोडं पाणी:
• चिलापी: ८ ते १०. आमिष गांडूळ किंवा कणीक.
• रोहू: ४ ते ८. आमिष कणकेची गोळी, पाव.
• कटला: २ ते १/०. तोंड रुंद असतं, त्यामुळे थोडा मोठा गळ चालतो.
• मरळ: १/० ते ३/०. आमिष जिवंत छोटा मासा किंवा रबरी बेडूक.

खाडी आणि समुद्रकिनारा:
• बोय: १० ते १२. आमिष पाव किंवा कणीक.
• मुडदुशी: ८ ते १०. आमिष कोळंबीचा बारीक तुकडा.
• पालू: ४ ते ६. मोठा पालू असेल तर २. जबडा मजबूत असतो, म्हणून फार नाजूक तार नको.
• शिंगाळा: २ ते २/०. काढताना त्याच्या काट्यांपासून हात सांभाळा.
• तांबोशी: १/० ते ४/०.
• जिताडा आणि गोबरा: ३/० ते ६/०.
• सुरमई: ४/० ते ६/०. दात कात्रीसारखे असतात, म्हणून गळाच्या आधी वीतभर तार लावा, नाहीतर तंगूस कापला जातो.

गळाचे मुख्य प्रकार

जे-हूक: नेहमीचा, इंग्रजी 'जे' अक्षरासारखा गळ. मासा चावला की काठीला झटका देऊन तो रुतवायचा.

ओशॉनेसी: जाड तारेचा, मजबूत जे-हूक. समुद्रावर फार वापरला जातो.

ॲबरडीन: बारीक तार, लांब दांडी. जिवंत किंवा नाजूक आमिषासाठी चांगला. मोठ्या माशाने ओढला तर सरळ होऊ शकतो.

बेटहोल्डर: याच्या दांडीवर छोटी खवली कोरलेली असतात. गांडूळ किंवा कोळंबी खाली घसरत नाही.

ट्रेबल: तीन टोकांचा गळ. नकली माशाला, म्हणजे ल्यूरला, लावलेला असतो. मासा सोडायचा असेल तर हा काढताना त्याला जास्त जखमा होतात.

सर्कल हूक: याचं टोक आत, दांडीच्या दिशेने वळलेलं असतं. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, हा वाकडा झालेला माल पाठवलाय. पण याचीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

चुकीचा गळ म्हणजे फक्त रिकामा हात नव्हे

पहिल्या फजितीनंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. पुढच्या सुट्टीत सगळे बारीक गळच घेऊन गेलो. म्हटलं, बारीक गळ कोणाच्याही तोंडात जाईल. खरंच गेला. कांदळवनाच्या कडेला एक तांबोशी लागली. जेमतेम वीतभर. मामा म्हणाला, "बारकी आसा, सोड तिका."

मी सोडायला गेलो तर गळ दिसेचना. तिने तो गिळला होता. मी तंगूस ओढला, गळ अजून आत रुतला. पाच मिनिटं पक्कड घेऊन खटपट केली. शेवटी गळ निघाला, पण कल्ल्यांतून रक्त आलं. पाण्यात सोडली तर ती आडवी तरंगत गेली. मामा काही बोलला नाही. त्याने त्याच्या गळाला आमिष लावलं आणि माझ्याकडे न बघता पाण्यात टाकलं.

तांबोशीची पिल्लं खाडीत, कांदळवनाच्या मुळांत वाढतात आणि मोठी झाली की खोल समुद्रातल्या खडकाळ जागी जातात. म्हणजे खाडीत लागणारी छोटी तांबोशी ही पुढे समुद्रात जाणारी पिढी असते. ती सोडून द्यायची ठरवली, तरी ती जगेल की नाही हे बऱ्याचदा गळ कुठे रुतला यावर ठरतं. ओठाला किंवा जबड्याच्या कोपऱ्याला रुतला तर मासा सहसा जगतो. घशात किंवा पोटात रुतला तर शक्यता खूप कमी होते.

सर्कल हूक इथे कामाला येतो. मासा आमिष गिळून वळतो, तंगूस ताणला जातो, तेव्हा हा गळ घशातून घसरत बाहेर येतो आणि बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. अट एकच: झटका द्यायचा नाही. मासा ओढायला लागला की शांतपणे रीळ फिरवायची. झटका दिला की गळ माशाच्या तोंडातून निघून येतो. जे-हूकची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला जड जातं. मी पहिले चार मासे असेच घालवले.

पॅसिफिक बेटांवरचे लोक हाड आणि शिंपल्यांपासून अशा आत वळलेल्या टोकाचे गळ शेकडो वर्षं करत आले आहेत. आणि अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हौशी मासेमारांना स्ट्राइप्ड बास नावाचा मासा नैसर्गिक आमिषाने पकडताना २०२१ पासून सर्कल हूक वापरणं बंधनकारक आहे. आपल्याकडेही महाराष्ट्रात २०२३ मध्ये माशांच्या ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवण्यात आलं. लहान मासा मोठा होऊ द्यावा, हाच त्यामागचा विचार.

म्हणून आता माझा नियम साधा आहे. कोणता मासा हवा हे आधी ठरवायचं, त्याच्याच तोंडाचा गळ लावायचा. तांबोशी हवी तर तिच्या पिल्लाच्या तोंडात सहज जाणार नाही एवढा मोठा गळ. आणि काही मासे सोडायचे असतील तर पकडीने उलटा काटा दाबून टाकायचा. तंगूस ताणलेला ठेवला तर काटा दाबलेल्या गळावरून मासे फारसे निसटत नाहीत, आणि सोडताना गळ पटकन निघतो.

कोणता धातू, कोणतं कोटिंग?

बहुतेक गळ हाय कार्बन पोलादाचे असतात आणि वर कोटिंग असतं.

• तपकिरी ब्राँझ कोटिंग: स्वस्त. तळ्या-धरणासाठी ठीक. खाऱ्या पाण्यात लवकर गंजतो.
• ब्लॅक निकेल: काळा, चमकदार. टोक बऱ्याचदा छान धारदार असतं. खारं पाणी त्याहून जास्त सोसतो.
• टिन किंवा जस्ताचं कोटिंग: राखाडी. समुद्रासाठी चांगला.
• स्टेनलेस स्टील: गंजत नाही, खूप टिकतो. पण मासा गळ घेऊन पळाला, तर तो गळ त्याच्या तोंडात तसाच राहतो. मासे सोडणाऱ्यांनी म्हणूनच शक्यतो टाळावा.

ऑनलाइन घेताना मोबाइलचा उपयोग असा करा

१. फोटोवर विश्वास ठेवू नका. पांढऱ्या पार्श्वभूमीवर १० नंबर आणि ५/० सारखेच दिसतात. गॅप किंवा लांबी मिलिमीटरमध्ये दिली आहे का, ते वर्णनात शोधा.

२. मॉडेल नंबर आणि साइझ यांत घोळ करू नका. पाकिटावर ३४००७ असं लिहिलेलं असेल तर ते मस्टॅडच्या स्टेनलेस ओशॉनेसी गळाचं मॉडेल आहे. साइझ वेगळा लिहिलेला असतो.

३. ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा. त्यात गळ हातात किंवा नाण्याशेजारी असतो, म्हणजे खरा आकार कळतो.

४. घरी आल्यावर दहा रुपयांच्या नाण्याशेजारी ठेवून वरून सरळ फोटो काढा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून गॅपचा अंदाज येतो. मी प्रत्येक पाकिटाचा असा फोटो एका अल्बममध्ये ठेवतो. आता मामाने "सहा नंबर" म्हटलं की मी फोटो पाठवून "हाच ना?" असं विचारतो.

५. कॅमेरा झूम किंवा मॅक्रोवर ठेवून टोक तपासा. टोक वाकलेलं, बोथट किंवा नेढं नीट बंद न झालेलं असेल तर तो गळ बाजूला काढा. उघड्या नेढ्यातून तंगूस निसटतो किंवा कापला जातो.

६. शंभर गळांचा मिक्स डबा मोहात पाडतो, पण त्यातले बरेच आपल्या कामाचे नसतात. दोन-तीन नंबरांची छोटी पाकिटं घ्या. खाडीवर सुरुवात करायला ६, २ आणि २/० पुरेसे आहेत.

काळजी आणि सुरक्षितता

धार बघायला टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. नखात अडकलं तर धार आहे, घसरलं तर बारीक कानसेने दोन-तीन वेळा घासा. समुद्रावरून आल्यावर गळ गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून ठेवा. टोकं थर्माकोलच्या तुकड्यात खोचून ठेवली की डब्यात हात घालताना लागत नाहीत.

गळ मागे फेकताना मागे कोण आहे ते बघा. बोटात गळ घुसला आणि उलटा काटा आत गेला असेल तर ओढू नका, डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. डोळ्याजवळ लागला तर हातच लावू नका, सरळ दवाखाना गाठा. तुटलेला तंगूस आणि गळ किनाऱ्यावर टाकू नका. पक्ष्यांचे पाय आणि कुत्र्यांची तोंडं त्यात अडकतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एकच गळ सगळ्या माशांना चालेल का?
नाही. पण खाडीत काय लागेल याचा अंदाजच नसेल तर २ नंबरने सुरुवात करा.

माशाने गळ गिळला तर काय करायचं?
मासा सोडायचा असेल तर ओढाओढ करू नका. तोंडाजवळ तंगूस कापा आणि मासा पाण्यात सोडा. आत खणत बसण्यापेक्षा असं केल्याने त्याची जगण्याची शक्यता जास्त असते. मी त्या तांबोशीच्या वेळी हेच करायला हवं होतं.

धरणावर कुठेही गळ टाकता येतो का?
धरण-तलावांतल्या मासेमारीचे हक्क बऱ्याचदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात. आधी तिथे विचारा. देवाच्या डोहात, जिथे गाव मासे राखतं, तिथे गळ काढूही नका.

शेवटी

मित्रांनो, थोडक्यात सांगायचं तर नंबर वाचायला शिका, गॅप मोजा आणि गळ माशाच्या तोंडाकडे बघून निवडा. गेल्या मे महिन्यात मी ३/० चे सर्कल हूक घेऊन गेलो. दोन संध्याकाळी काहीच लागलं नाही. तिसऱ्या दिवशी भरतीला एक चांगली दीड हाताची तांबोशी लागली, गळ बरोबर जबड्याच्या कोपऱ्यात. मामाने गळ बघितला आणि माझ्याकडून त्यातले चार मागून घेतले.

माहिती उपयोगी वाटली तर सुट्टीत गावी गरवायला जाणाऱ्या तुमच्या मित्राला हा लेख नक्की पाठवा. त्याने डबा ऑर्डर करायच्या आधी पाठवलात तर आणखी चांगलं!